विमानातली फणसाची फासळी

महिपत पांचाळ सरकारी कागदाला जेवढा मान द्यायचा तेवढा त्याने ग्रामदेवीलासुद्धा दिला नसेल. रेशनकार्डाच्या पाठीमागे छापलेल्या सूचनाही तो चष्मा पुसून, मांडी घालून, पहिल्या ओळीपासून वाचायचा. जन्म सुताराचा, हातात सदा रंधा, पण वाडीत कुणाचा बांधावरून वाद लागला की हा मध्ये उभा राहून म्हणणार, "आदी सातबारा आना, मग भांडा." लोक वैतागायचे. पण त्याच्यापुढे बोलायची सोय नव्हती, कारण नऊ घरांच्या त्या वाडीत इंग्रजी शिक्का ओळखणारा तोच एकटा.

दापोलीहून बुरोंडीकडे निघालं की उतार लागायच्या आधी डाव्या हाताला एक तांबडा रस्ता आत जातो. त्याच्या टोकाला ही सुतारवाडी. घरटी एक तरी माणूस मुंबईला. महिपतही पस्तीस वर्षं मुंबईत काढून सत्त्याहत्तर साली परत आला. बायको आधीच वारली होती, मुलगा मुंबईतच चिकटला होता. घरात दोघंच राहिली. पुढच्या पडवीत महिपत आणि मागच्या दोन खोल्यांत त्याची वहिनी सगुणा, थोरल्या भावाची बायको.

सगुणाला काय समजावं हे वाडीला कधी नीट ठरवता आलं नाही. कपाळाला कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, पण हळदीकुंकवाला तिच्यापुढे येताना करंडा धरणारीचा हात थोडा अडखळायचा. नवरा मेला म्हणावं तर कुणी पाहिलेला नाही. जिवंत म्हणावं तर एकेचाळीस वर्षांत एक पोस्टकार्ड नाही. मग लोकांनी आपल्याला सोयीचं ते ठरवून टाकलं, की धाकू पांचाळ पळाला. कुणी म्हणे सिलोनला गेला, कुणी म्हणे आफ्रिकेत त्याची दुसरी बायको आहे आणि चार पोरं आहेत. आफ्रिकेतली पोरं मोजून आल्यासारखे बोलायचे मेले! विहिरीवर भांडण झालं की शेजारची गंगुबाई हमखास ऐकवायची, "तुजा घोव तरी ऱ्हायला काय तुज्याजवळ?" सगुणा भरलेली घागर उचलून मुकाट घरी यायची. वर्षातून एकदा तरी ती दाराआडून विचारायची, "भावजी, ते पळाले असतील असं तुमाला वाटतं काय?" आणि महिपत रंध्यावरची नजर न उचलता म्हणायचा, "कायतरी कागद आल्याबिगर मी काय सांगू, वयनी?"

आता हे इथेच सांगून टाकलेलं बरं. महिपतला सगळं ठाऊक होतं.

त्रेचाळीस साली दोघे भाऊ मुंबईत गोदीजवळच्या एका कारखान्यात सुतार होते. लढाईत मोडलेली विमानं तिथे दुरुस्त व्हायची. हरिकेन नावाचं एक लढाऊ विमान असायचं. त्याचा सांगाडा लोखंडी नळ्यांचा, पण शेपटीकडचं अंग लाकडी फासळ्यांवर कापड ताणून केलेलं. फासळी म्हणजे कमानीसारखी वळवलेली पातळ फळी. तिच्यासाठी विलायतेहून हलकं लाकूड यायचं. ते आणणारी जहाजं वाटेत बुडायला लागली आणि लाकडाचा साठा संपला. गोरा फोरमन म्हणाला, हलकं आणि चिवट असेल ते लावा. धाकूजवळ गावाहून पाट करायला आणलेली फणसाची फळी होती. त्या फळीतून त्याने एक फासळी तासली. फोरमनने ती बोटावर तोलून पाहिली, हसला आणि मान हलवली. आठवड्याभरात विलायती लाकूड आलं, त्यामुळे पुढच्या कुठल्याही विमानाला फणस लागला नाही. लागला तो त्या एकाच.

ते विमान पंख काढून, फळ्यांच्या पेटाऱ्यात बसवून, बोटीने कोचीला जायचं होतं. समुद्रात बोट हलते, पेटाऱ्याच्या पाचरी सैल होतात. म्हणून प्रत्येक पेटाऱ्याबरोबर एक सुतार जायचा, सकाळ-संध्याकाळ पाचरी ठोकायला. पाळी महिपतची होती, पास महिपतच्या नावाचा होता. आणि नेमका शिमगा तोंडावर आला. त्या साली देवीच्या पालखीचा दांडा बदलायचा होता. दांडा घालायचा मान पांचाळांच्या घराचा, त्यामुळे घरातला एक तरी पुरुष गावी जाणं भाग होतं. रीतीने थोरल्याने जायचं. पण महिपतचं लग्न त्याच हंगामात झालेलं, आणि त्याचं तोंड बघून धाकूला काय समजायचं ते समजलं. तो म्हणाला, "तू जा रे. दांडा घाल, बायकोला भेट. कोचीला मी जातंय तुज्या बदली. चार दिसांची तर गोष्ट."

बदली ही तेव्हा मुंबईत रोजची गोष्ट होती. एकाच्या तिकिटावर दुसऱ्याने काम करायचं आणि मुकादमाने तिकडे कानाडोळा करायचा. कोकणातली माणसं तर शिमगा आणि गणपती ह्या बदल्यांवरच साजरे करायची. पण लढाईच्या मालाबरोबर भलत्याच माणसाला बोटीवर चढवणं म्हणजे तुरुंगाची वाट, हे त्या दोघांच्या डोक्यातच आलं नाही. महिपत गावी आला, दांडा घातला, गुलालात न्हाला. वहिनीला म्हणाला, "दादा पुढच्या खेपेला येतील."

तो परत गेला तेव्हा बोटीचा पत्ता नव्हता. ती कोचीला पोचलीच नाही. दिवस लढाईचे, कुणी उघड बोलेना. कारकुनाने महिपतला विचारलं, "तू बोटीवर होतास ना रे?" महिपतच्या तोंडून निघून गेलं, "बोट चुकली साहेब." आठ दिवसांचा पगार कापला आणि तो सुटला. बोटीवरच्या कागदात धाकूचं नाव नव्हतंच. कारखान्याच्या हजेरीत त्याच्यापुढे शेरा पडला, 'न सांगता पळून गेला.' कागदाने एका भावाला वाचवलं आणि दुसऱ्याला पळपुटा केलं. तेव्हापासून महिपत कागदाला जो वचकला तो कायमचा. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता लढाई संपली, कारखाना मोडला, गोरे गेले, आणि ती गोष्ट त्याच्या घशात अडकली ती अडकलीच.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर बुरोंडीची मासळीवाली टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "ऐकलंव काय? हर्णेला बुडल्या बोटीच्या पोटात इमान गावलंय!" हर्णेच्या समोर एका जागी कोळ्यांची जाळी नेहमी फाटायची. तिथे जुनी बोट आहे म्हणून भंगाराच्या एका ठेकेदाराने पाणबुडे उतरवले होते. सिमेंटच्या पोत्यांचे दगड झालेल्या राशीमागे, बोटीच्या तळाशी, गाळात रुतलेलं विमान त्यांना दिसलं. महिपतने सुकटीचा भाव अर्ध्यावर सोडला आणि पायात वहाणा सरकवल्या.

तो हर्णेला पोचला तेव्हा संध्याकाळचा लिलाव रंगात होता. पापलेटच्या राशी, सुरमईच्या राशी, बोली लावणाऱ्यांचा गलका. त्या सगळ्याच्या पलीकडे, वाळूवर, पाण्यातून ओढून काढलेला, शिंपल्यांनी माखलेला विमानाचा सांगाडा पडला होता आणि कुणीतरी त्याच्या नळीवर आपलं जाळं वाळत घातलं होतं. ठेकेदाराचा मुकादम इब्राहिमभाई परकार तिथे स्टुलावर बसून राखण करत होता. महिपत सरळ शेपटीकडे गेला आणि गुडघ्यावर बसला. बहुतेक फासळ्या कीड खाऊन गेल्या होत्या. एका कोपऱ्यात मात्र गाळ दगडासारखा घट्ट बसला होता, आणि त्याच्या आत हातभर लाकूड शिल्लक होतं. त्याने खिशातला चाकू काढला आणि एक कपची उडवली. आत पिवळं निघालं. सुताराला फणस ओळखायला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

महिपत ओल्या वाळूतच बसला आणि रडला. पासष्ट वर्षांचा माणूस, भर लिलावात. इब्राहिमभाई उठून जवळ आला. "काय चाचा, वळखीचं हाय काय?"

"माज्या भावानं केलेलं हाय ह्ये," महिपत म्हणाला.

घरी परतताना एसटीत त्याने सगळा बेत केला. हे विमान तेच, म्हणजे बोटही तीच. सरकारने तसं एकदा लिहून दिलं की धाकू पळाला नाही, बुडाला, हे उघड होईल. मग वहिनीपुढे कागद ठेवायचा. आपल्या तोंडाने जे निघत नाही ते कागद बोलेल. तोपर्यंत तिला एक शब्द सांगायचा नाही. एवढ्या वर्षांत जे सांगितलं नाही ते आठ दिवस उशिरा सांगितलं म्हणून काय बिघडतं, असा हिशेब त्याने केला. आठ दिवसांचे पाच महिने झाले.

विमान कुठलं हे ठरल्याशिवाय भंगार विकता येणार नव्हतं. ते ठरवायला मुंबईहून गुप्ते साहेब आले. ते रत्नागिरीच्या विश्रामगृहात मुक्काम टाकून होते आणि अधूनमधून हर्णेला जीपने यायचे. माणूस वाईट नव्हता. पण नोकरी सगळी सरकारी गोदामात गेलेली, आणि विमानाशी ओळख हातातल्या चित्रांच्या पुस्तकापुरती. त्यांनी जुन्या नोंदींत शोधलं तर ह्या किनाऱ्यावर बुडालेली एकच बोट सापडली, चव्वेचाळीस सालची, अमेरिकन विमानं नेणारी. धाकूच्या बोटीपुढे नुसतं 'बेपत्ता, ठिकाण अज्ञात' एवढंच होतं. साहेबांचा निकाल त्यामुळे जीपमधून उतरायच्या आधीच लागलेला होता.

महिपत टोपी हातात घेऊन पुढे झाला. "साहेब, ह्ये अमेरिकन नव्हं. हरिकेन हाय. बगा, ह्ये आतलं लाकूड."

गुप्ते साहेबांनी पुस्तकाचं पान उलटलं. "अमेरिकन विमानात लाकूड नसतं, मेस्त्री. संपूर्ण धातूचं असतं."

"तेच सांगतंय साहेब. लाकूड हाय म्हंजे अमेरिकन नाय."

"विमान अमेरिकन आहे," साहेब शांतपणे म्हणाले, "त्या अर्थी हे लाकूड विमानातलं नाही. बोटीतलं असेल. पेटी-बिटी असेल एखादी."

महिपतने फासळीची कमान दाखवली, खिळ्यांची भोकं दाखवली, भोकांमधलं अंतर वितीने मोजून दाखवलं. साहेबांनी ऐकून घेतलं. ऐकून घेणारा साहेब हा न ऐकणाऱ्यापेक्षा वाईट, कारण त्याच्याशी भांडताही येत नाही. शेवटी ते म्हणाले, "बरं, लाकूड फणसाचं आहे हे तुम्ही म्हणता. मी कशावरून मानू?"

सुताराला विचारतात, फणस कशावरून! महिपतच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पण कागद मागितलाय म्हटल्यावर त्याला उलट बरंच वाटलं. त्याने कपची रुमालात बांधली आणि पहाटेच्या एसटीने रत्नागिरी गाठली. दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर करत पाच तास. जंगल खात्याचे साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण शिक्का असलेल्या कपाटाची किल्ली दौऱ्यावर होती. तिसऱ्या खेपेला एकदाचा दाखला मिळाला, 'सोबतचा नमुना फणस ह्या जातीच्या लाकडाचा आहे.' महिपतने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून विश्रामगृहावर नेला.

गुप्ते साहेबांनी दाखला दोनदा वाचला. "ठीक. फणसाचं आहे, मान्य. पण मेस्त्री, फणस कुठे होतो? कोकणात. विलायतेच्या विमानात कोकणातला फणस कसा येईल?"

"आमी लावला, साहेब. आमी कोकनातलेच."

"त्याची नोंद?"

नोंद! ज्या कारखान्याच्या जागेवर आता चार मजली गाळे उभे आहेत त्याची नोंद. महिपतने भिंतीवर डोकं आपटायचंच काय ते बाकी ठेवलं. पाच-पाच तासांच्या तीन खेपा करून त्याने स्वतःच्या हाताने साहेबांच्या बाजूचा पुरावा आणून दिला होता. लाकूड फणसाचं नसतं तर एक वेळ चाललं असतं!

साहेबांना त्याचा चेहरा बघून दया आली असावी. ते म्हणाले, "हे बघा, माझ्या हातात काही नाही. विमानाचा नंबर दाखवा. नंबर मिळाला तर मी आत्ता लिहून देतो."

तेव्हा महिपतला पट्टी आठवली. दुरुस्त होऊन गेलेल्या प्रत्येक विमानाला कारखाना पायलटच्या बसायच्या जागेमागे एक पितळी पट्टी ठोकायचा, आणि तिच्यावर काळ्या रंगाने नंबर घालायचा. हे हातात पुस्तक घेऊन फिरणाऱ्याला कसं ठाऊक असणार? दुसऱ्या दिवशी हर्णेला जाऊन त्याने चिखलात कोपरापर्यंत हात घातले. दुपार टळेपर्यंत खरवडत होता. इब्राहिमभाईने चहा आणून बाजूला ठेवला तो निवून गेला. आणि पट्टी मिळाली. चार बोटं लांब, काळी-हिरवी, मळाने भरलेली. रंग केव्हाच गेला होता. पण जिथे रंग होता तिथलं पितळ कमी काळं पडलं होतं, आणि उन्हात तिरकी धरली की आकड्यांची पुसट सावली दिसायची. पहिलं एक अक्षर आणि मधला एक सात, एवढं महिपतला लागलं. पुढचं त्याच्या डोळ्यांना लागेना.

त्याने हर्णेच्या पोस्टातून रत्नागिरीला फोन लावला. गुप्ते साहेब प्रथमच खुर्चीत सरसावून बसल्यासारखे बोलले. "पुसू नका. खरवडू नका. आहे तशी घेऊन या. आमच्याकडे अशा पट्ट्या वाचणारी माणसं आहेत."

महिपतला त्या संध्याकाळी पाय जमिनीवर ठेववत नव्हते. घरी येऊन त्याने पट्टी फडक्यात गुंडाळून वहिनीच्या हातात दिली, कारण त्याच्या पडवीत उंदीर होते आणि तिच्या फळीवर कधी काही हरवत नसे. "वयनी, ह्ये जपून ठेवा. परवा रत्नागिरीला साहेबाला द्यायचं हाय."

"कसली वस्तू?"

"हाय एक जुनी. कामाची हाय." एवढंच तो म्हणाला. एकेचाळीस वर्षांची सवय एका संध्याकाळी कशी सुटणार?

मधला दिवस तो पडवीत अर्ज खरडत बसला. तिसऱ्या दिवशी पहाटे सगुणाने फडकं आणून दिलं. महिपतने ते उघडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पट्टी देवघरातल्या समईसारखी लखलखत होती. गुळगुळीत, पिवळीधमक. आकडा नाही, सावली नाही, काही नाही.

"काय केलात ह्ये?" तो ओरडला.

सगुणा दचकली. "घासली. काल दुपारभर घासत व्हते. आमसुलाच्या पान्यात ठेवली, मग राख आनि नारळाचं सोडण लावून घासली. किती मळ व्हता! साहेबाकडं जायची वस्तू, अशी काळी कशी जाऊ द्यायची घरातनं?"

तिचं काय चुकलं? कोकणातल्या कुठल्या बाईने घरातलं पितळ काळं बाहेर जाऊ दिलं असतं? सणाला, पाहुण्याला, देवाला, पितळ घासूनच पुढे करायचं, हे तिला पाचव्या वर्षापासून शिकवलेलं. तिने मान दिला होता, आणि खांदा दुखेपर्यंत दिला होता. महिपत मात्र त्या घडीला माणसात नव्हता. "अक्कल नाय! विचारायचं तरी!" असं तो एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला बोलला.

सगुणाचे डोळे भरले. "मना काय म्हायती, भावजी? कसली वस्तू म्हनून मी विचारलं व्हतं. तुमी सांगितलात काय?"

महिपतने पट्टी खिशात टाकली आणि एसटी पकडली. पाच तास तो खिडकीबाहेर बघत एकच गोष्ट घोळवत राहिला, की पट्टी तर पट्टी आहे, साहेब समजून घेतील.

गुप्ते साहेबांनी पट्टी उलटीपालटी केली. मग चष्म्यावरून महिपतकडे पाहिलं. "मेस्त्री, ही तर नवी दिसते."

"घासली, साहेब. घरात चुकून घासली."

"चाळीस वर्षं समुद्रात होती म्हणता आणि अशी?" साहेबांचा आवाज बदलला. "मी तुम्हाला साधा माणूस समजत होतो. काल-परवा दापोलीत कापून आणलीत काय?"

महिपतने आयुष्यात पुष्कळ खोटं पचवलं होतं, पण जे खरं होतं त्यावर खोटं म्हणून ठपका यावा, हे त्याला नवीन होतं. सांगायला पुष्कळ होतं, की साहेब, माझ्या पासावर माझा भाऊ गेला, मी पालखीचा दांडा घालत होतो, तो बुडाला. हे बोलला असता तर काय झालं असतं कोण जाणे. त्याच्या तोंडून निघालं ते इतकंच, "नाय साहेब. खरी हाय." शिपायाने दार उघडून धरलं. तो बाहेर आला. मारुती मंदिराच्या नाक्यावर उभा राहून त्याने गुप्ते साहेबाला, त्याच्या पुस्तकाला, अमेरिकेला आणि स्वतःच्या नशिबाला मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या. एकही शिवी नेमक्या माणसाला लागली नाही.

एप्रिलात पत्र आलं. पोस्टमनने सही घेतली, म्हणजे कागद पक्का सरकारी. 'आपल्या अर्जाच्या संदर्भात कळविण्यात येते की, सदर अवशेषांची ओळख निश्चित करता येत नाही. भंगार म्हणून विक्री करण्यास ह्या कार्यालयाची हरकत नाही.' खाली सही, गोल शिक्का. महिपतने ते तीनदा वाचलं. अमेरिकन आहे असंसुद्धा लिहिलं नव्हतं. तेवढं असतं तर निदान वाद घालता आला असता.

सगुणा मागच्या दारी तांदूळ निवडत बसली होती. "काय लिवलंय?" तिने विचारलं.

"काय नाय," महिपत म्हणाला. आणि मग त्याचं काय झालं कोण जाणे. संताप होता, थकवा होता, पाच महिने फुकट गेल्याची चीड होती. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि बोलत सुटला. बदली, पास, शिमगा, दांडा, फणसाची फळी, कोचीची बोट, हजेरीतला शेरा, 'बोट चुकली साहेब', हर्णेची वाळू, पिवळी कपची, ती पट्टी. काही ठेवलं नाही. बोलताना त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

सगुणाचा सुपातला हात थांबला होता. ती म्हणाली, "म्हंजे ते बुडाले."

"व्हय."

"पळाले नाय."

"नाय वयनी. पळाले नाय."

"आनि ह्ये तुमाला कवापासनं ठावं?"

"बोट पोचली नाय तवापासनं."

"मी दरवरसाला विचारत व्हते तुमाला."

"कागदच नव्हता, वयनी. ह्यो कागद मिळाला असता तर मी तुमच्याम्होरं ठेवनारच व्हतो. तुमाला दाखवल्याबिगर..."

"मना वाचता येतं काय, भावजी?" सगुणा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कागद आला असता तरी वाचून कोनी दाखवला असता? तुमीच ना?"

सगुणाने सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि ती त्याच्या बाजूने, अंग चोरून, पुढच्या दाराने बाहेर पडली. रडली नाही. सरळ गंगुबाईच्या अंगणात गेली. महिपत पडवीत येऊन पाटावर बसला. सगुणाचा आवाज एवढा मोठा आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

"आमचे पळाले नव्हते, गंगू. लढाईत बोटीसंगं बुडाले. हर्णेची बोट तीच."

गंगुबाई खराटा हातात धरून तशीच उभी राहिली. आजूबाजूच्या दोन-तीन घरांतल्या बाया दारात आल्या. कुणीतरी "अगो बाय!" म्हणालं. मग गंगुबाईने, जिने विहिरीवर सगळ्यात जास्त तोंड सोडलं होतं, तिनेच विचारलं, "मग सगुणा, इतकी वरसं बोललीस का नाय?"

"मना पन भावजींनी आजच सांगितलानी," सगुणा म्हणाली.

सगळ्या बाया पडवीकडे बघायला लागल्या.